साईट व्हिजिटच्या आधीचे लेखन: रिअल इस्टेट व्यवसायासाठी ब्लॉग कसा लिहावा

घर घेणारा माणूस ज्या दिवशी पहिला फोन करतो, त्याच्या कित्येक महिने आधीपासून त्याची चौकशी सुरू झालेली असते. रात्री सगळे झोपल्यावर तो मोबाईलवर शोधत बसतो, कर्जाचे आकडे मांडून पाहतो, नुकतेच घर घेतलेल्या मित्राला खोदून खोदून विचारतो आणि ऐकलेल्या परस्परविरोधी सल्ल्यांनी गोंधळून पुन्हा शोधायला लागतो. या साऱ्या काळात बिल्डर किंवा एजंट त्याच्या आसपास कुठेही नसतो. ब्लॉगचा उपयोग या महिन्यांत होतो, आणि तो नेमका याच काळासाठी लिहायचा असतो.

नवखा लेखक बहुधा इथेच घसरतो. तो ब्रोशरमधला मजकूर उचलतो, त्यात चार परिच्छेदांची भर घालतो आणि लेख म्हणून प्रसिद्ध करतो. ब्रोशर विक्रेत्याच्या मालाविषयी बोलते, तर ब्लॉगला ग्राहकाच्या अडचणीविषयी बोलावे लागते. हा फरक एकदा हाताला लागला की पुढची बरीचशी कामे आपोआप सुटतात. मी स्वतः या व्यवसायासाठी लिहिलेल्या पहिल्या लेखाच्या शीर्षकात ‘स्वप्नातील घर’ हे शब्द होते. तो लेख वाचून एकही फोन आला नाही, आणि आज तो पुन्हा वाचताना कळते की त्यात वाचणाऱ्याच्या कामी येईल असे एकही वाक्य नव्हते.

पहिली पायरी: प्रश्नवही

‘लिहायला विषय सुचत नाहीत’ ही तक्रार या व्यवसायात तरी पटत नाही, कारण विषय रोज फोनवरून, साईटवरून आणि करारनाम्याच्या मसुद्यावरून आपल्याकडे चालत येतात. फक्त ते कोणी टिपून ठेवत नाही. म्हणून लेखनाला हात घालण्यापूर्वी दोन आठवडे एक साधी वही चालवावी. फोन घेणारी व्यक्ती, साईट दाखवणारा सहकारी, कागदपत्रे सांभाळणारा कारकून, सगळ्यांनी त्या वहीत ग्राहकाने विचारलेला प्रश्न तारखेसह लिहावा. अट एकच: प्रश्न ग्राहकाच्याच शब्दांत उतरला पाहिजे. ‘बांधकाम रखडलं तर माझा हप्ता थांबतो का?’ असे कोणी विचारले असेल, तर वहीत ‘बांधकामातील विलंब व कर्जपरतफेड’ असे लिहू नये. तो माणूस घरी जाऊन शोधेल तेव्हा पहिलेच वाक्य टाइप करणार आहे, आणि लेखाचे शीर्षकही त्याच वाक्यातून निघणार आहे.

खरे प्रश्न बहुधा भेटीच्या शेवटी येतात, हे लक्षात ठेवावे. सँपल फ्लॅट पाहून झाला, दर विचारून झाला, निघण्याची वेळ झाली, आणि लिफ्टपाशी उभे असताना इतका वेळ गप्प असलेली आई विचारते, ‘वरच्या मजल्यावर पाण्याला जोर असतो ना?’ हा प्रश्न वहीत सर्वांत आधी गेला पाहिजे. शेजारच्या मोकळ्या भूखंडावर उद्या इमारत उभी राहिली तर खिडकीतून काय दिसेल, जुने घर विकण्याआधी नवे बुक करावे की नंतर, मेंटेनन्सची रक्कम कोण ठरवते आणि ती वाढते कशी, नकाशातली बाल्कनी सांगितलेल्या क्षेत्रफळात धरली आहे का, टोकन दिल्यावर मन बदलले तर पैसे परत मिळतात का, अशा प्रश्नांनी दोन आठवड्यांत वहीची काही पाने सहज भरतात. त्यातला जो प्रश्न निरनिराळ्या माणसांनी तीन-चारदा विचारला असेल, तो पहिल्या लेखाचा विषय.

वही भरली की प्रश्न तीन ढिगांत विभागावेत: घर पाहायला लागण्यापूर्वीचे, दोन-तीन घरांमधून निवड करतानाचे आणि बुकिंगनंतरचे. तिसऱ्या ढिगाकडे व्यवसायात फारसे कोणी पाहत नाही, कारण ‘ग्राहक तर मिळाला’ अशी समजूत असते. प्रत्यक्षात ताबा घेताना काय तपासावे, भिंतीत ओल दिसली तर कोणाला आणि कसे कळवावे, या विषयांवरचा लेख बुकिंग न केलेला माणूसही वाचतो, आणि आपल्याशी व्यवहार केला तर नंतर आपण फोन उचलू की नाही, याचा अंदाज तो त्यावरून बांधतो.

दुसरी पायरी: वाचक एकच धरावा

पहिल्यांदा घर घेणारे जोडपे, लहान घरातून मोठ्या घरात जाणारे कुटुंब, भाड्याच्या उत्पन्नासाठी घेणारा गुंतवणूकदार आणि स्वतःचे घर विकायला काढणारा मालक, या चौघांच्या गरजा इतक्या वेगळ्या आहेत की एका लेखात सगळ्यांना सामावू गेल्यास तो कोणाच्याच कामाचा राहत नाही. लेख सुरू करताना यांपैकी एकाला डोळ्यांसमोर बसवावे. एजंटांनी चौथ्याला विशेष लक्षात ठेवावे. विकणाऱ्या मालकासाठी कोणी फारसे लिहीत नाही, आणि विकायला घर नसेल तर घेणाऱ्यांची कितीही मोठी यादी असून काय उपयोग?

तिसरी पायरी: एका प्रश्नाचे पूर्ण उत्तर

एका लेखात एकच प्रश्न घ्यावा, तो शीर्षकात मांडावा आणि त्याचे थोडक्यात उत्तर पहिल्याच परिच्छेदात देऊन टाकावे. उत्तर शेवटपर्यंत राखून ठेवले म्हणजे वाचक थांबेल, हा समज चुकीचा आहे. उत्तर लवकर मिळाले नाही तर तो मागे फिरतो आणि दुसऱ्या कोणाचे तरी पान उघडतो. सुरुवातीला उत्तर मिळाले की ते कशावरून काढले आणि कोणत्या परिस्थितीत ते बदलते, हे वाचायला तो सावकाश बसतो.

हे कसे करावे ते एका उदाहरणाने पाहू. समजा, वहीत प्रश्न आहे: ‘दहा बाय बाराच्या बेडरूममध्ये डबल बेड आणि कपाट दोन्ही बसतं का?’ ब्रोशरी वळणाने लिहिणारा इथे ‘प्रशस्त शयनकक्षांची कल्पक रचना’ असे काहीतरी लिहून मोकळा होईल. त्याऐवजी आधी मोजपट्टी घेऊन खोलीत जावे. जिला सगळे दहा बाय बारा म्हणतात ती खोली प्रत्यक्षात ३ मीटर रुंद आणि ३.६ मीटर लांब भरली, असे धरू. म्हणजे क्षेत्रफळ १०.८ चौरस मीटर. एका चौरस मीटरचे १०.७६४ चौरस फूट होतात, तेव्हा ही खोली सुमारे ११६ चौरस फुटांची झाली. दहा बाय बाराचे १२० चौरस फूट होतात, त्यामुळे चार चौरस फूट बोलण्यातच वाढले आहेत, हेही लेखात सांगावे.

आता १.८ मीटर रुंद आणि २ मीटर लांब असा बेड ३ मीटरच्या भिंतीच्या मध्यावर डोक्याची बाजू टेकवून ठेवला, तर दोन्ही बाजूंना ६० सेंटिमीटर जागा उरते. एका माणसाला बेडवरून उतरून चालायला ती पुरते, पण तिथे रुंद साईड टेबल ठेवता येत नाही. लांबीच्या दिशेने ३.६ मीटरमधून बेडचे २ मीटर गेले आणि समोरच्या भिंतीला लावलेल्या कपाटाच्या खोलीचे ६० सेंटिमीटर गेले की मध्ये बरोबर १ मीटरची वाट राहते. कपाटाचे दार बिजागरीचे आणि ५० सेंटिमीटर रुंद असेल तर ते उघडल्यावर उभे राहायला ५० सेंटिमीटर उरतात, म्हणून इथे सरकत्या दाराचे कपाट सोयीचे. बेडला जाड हेडबोर्ड असेल तर हा हिशेब आणखी आवळतो. खोलीचे दार नेमके कपाटाच्या भिंतीत असेल तर तो पूर्णच बदलतो. नकाशातले माप गिलाव्याच्या आतले आहे की विटांच्या भिंतीचे, हे विचारून घ्यावे, कारण दोन्ही बाजूंचा गिलावा मिळून दोन-तीन सेंटिमीटर खातो.

एवढे लिहून झाले की लेख जवळजवळ तयार असतो. पहिल्या परिच्छेदात ‘बसते, पण कपाटाला सरकती दारे हवीत आणि साईड टेबल अरुंद असावे’ हे उत्तर, त्याखाली मापे, सोबत हाताने काढलेली का होईना पण मापे घातलेली आकृती, आणि शेवटी वाचकाने स्वतःच्या खोलीत कोणती चार मापे घ्यावीत त्याची नोंद. या लेखात आपल्या प्रकल्पाची स्तुती एका शब्दानेही केलेली नाही. तरीही वाचकाला कळते की या लोकांनी खोलीत उभे राहून विचार केला आहे.

चौथी पायरी: माहिती स्वतः गोळा करावी

लेखाचे वजन लेखकाच्या शैलीपेक्षा त्याच्या पायपिटीवर ठरते. एकदा एका जाहिरातीतून घेऊन मी ‘स्टेशनपासून पाच मिनिटांवर’ असे वाक्य लेखात घातले होते. महिन्याभराने एक गृहस्थ आले आणि शांतपणे म्हणाले की त्यांच्या आईला घेऊन ते चालत आले, तर सतरा मिनिटे लागली, शिवाय मध्ये एक जिना चढावा लागला. पाच मिनिटे कोणत्या वाहनाने, कोणत्या वेळी आणि कोणत्या दारापासून, हे मी विचारलेच नव्हते. तेव्हापासून अंतर लिहायचे असेल तर मी स्वतः चालतो, सकाळच्या गर्दीत एकदा आणि रात्री उशिरा एकदा, आणि लेखात वेळ, वाटेतले चढ-उतार, रस्त्यावरचे दिवे असे सगळे लिहितो. नकाशाच्या ॲपने दाखवलेले अंतर मीटरमध्ये बरोबर असते. पदपथ मध्येच संपतो हे त्यात कळतेच असे नाही.

क्षेत्रफळाच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी, कारण या व्यवसायातले सर्वाधिक गैरसमज तिथे जन्मतात. कार्पेट (ढोबळमानाने भिंतींच्या आतली वापरायची जागा), बिल्टअप (त्यात भिंती वगैरे धरून) आणि सुपर बिल्टअप (त्यात जिना, लॉबी अशा सामाईक जागेचा वाटाही धरून) हे तीन शब्द वापरणाऱ्या दोन विक्रेत्यांच्या मनात त्यांचे अर्थ एकच असतील याची खात्री नसते. भिंतींची जाडी, बाल्कनी, जिना, लॉबी यांपैकी काय धरले आणि काय वगळले, यावर आकडा फिरतो. हा घोळ एका देशापुरता नाही. म्हणूनच २०१३ साली अनेक देशांतील व्यावसायिक संघटनांनी एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय मालमत्ता मापन मानके तयार करण्याचे काम हाती घेतले आणि निवासी इमारतींसाठीचे मानक २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. लेखात क्षेत्रफळाचा आकडा जिथे जिथे येईल तिथे तिथे त्यात काय धरले आहे ते त्याच वाक्यात सांगावे, तळटीप म्हणून खाली ढकलू नये. लोडिंग, म्हणजे सामाईक जागेपोटी कार्पेटवर चढवलेली वाढ, हा तर एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

कर्जाविषयी लिहिताना व्याजदरांचे भाकीत करण्याच्या फंदात पडू नये, पण गणित मात्र जरूर करून दाखवावे. कर्जाची रक्कम १०० धरली, व्याज द.सा.द.शे. ८ आणि मुदत २० वर्षे घेतली, तर मासिक हप्ता सुमारे ०.८४ येतो आणि एकूण परतफेड २०१ च्या जवळ जाते. म्हणजे जितके कर्ज, जवळजवळ तितकेच व्याज. मुदत १५ वर्षांवर आणली तर हप्ता साधारण १४ टक्क्यांनी वाढतो, पण एकूण परतफेड १७२ वर येते. पहिल्या हप्त्यातला सुमारे ८० टक्के भाग व्याजातच जातो, हे २० वर्षांच्या कर्जाचे वास्तव बऱ्याच जणांना पहिल्या वर्षाचे विवरणपत्र हाती पडेपर्यंत ठाऊक नसते. रक्कम १०० धरण्याचा फायदा असा की वाचक स्वतःचा आकडा घालून लगेच हिशेब करू शकतो, आणि आपला लेख दरवर्षी जुना होत नाही.

पाचवी पायरी: विशेषणे काढावीत, उणिवा ठेवाव्यात

कच्चा मसुदा झाल्यावर त्यातली विशेषणे पेन्सिलीने अधोरेखित करावीत आणि प्रत्येकाच्या जागी पाहता किंवा मोजता येणारी गोष्ट ठेवता येते का ते बघावे. ‘हवेशीर’ऐवजी ‘दिवाणखान्याला समोरासमोरच्या दोन भिंतींत खिडक्या आहेत’ लिहावे. ‘भरपूर सूर्यप्रकाश’ऐवजी खिडकी कोणत्या दिशेला आहे आणि ऊन किती वाजता कुठवर येते ते लिहावे, पश्चिमेच्या खिडकीतून येणारे दुपारचे ऊन उन्हाळ्यात नकोसे होते, हेही सांगून टाकावे. ‘शांत परिसर’ हा शब्दप्रयोग तर वापरूच नये. सकाळी आठ वाजता, दुपारी आणि रात्री अकरा वाजता खिडकी उघडी ठेवून काय ऐकू येते ते लिहावे. ज्या विशेषणाच्या जागी असे काहीच ठेवता येत नाही, ते तिथे मुळात कशासाठी आले होते, हा प्रश्न स्वतःला विचारावा.

उणिवांचा मुद्दा व्यवसायातल्या माणसांना पचवायला जड जातो, हे मला मान्य आहे. मालक म्हणतो, ‘आपणच आपल्या मालाची खोट सांगायची?’ पण विचार करा: तळमजल्याचे घर पाहायला आलेल्या माणसाला तिथे वर्दळ जास्त असते हे साईटवर पाच मिनिटांत दिसणारच असते. लेखात ते आधी वाचलेले असेल तर तो तयारीने येतो, आणि ज्याला ते अजिबात चालणार नाही तो येतच नाही. म्हणजे दोघांचाही एक रविवार वाचतो. उणीव लिहिताना ती कोणाला जाचेल आणि कोणाला जाचणार नाही, हे सोबत सांगावे. तळमजला पाठदुखीच्या वृद्धाला सोयीचा असतो आणि रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्याला गैरसोयीचा. दोन्ही वाक्ये खरी आहेत, आणि दोन्ही असल्यामुळेच पुढच्या चांगल्या मुद्द्यावर वाचक विश्वास ठेवतो.

भाषेबद्दल एक गोष्ट. करारनाम्यात ‘सदनिका’ असते, बोलण्यात ‘फ्लॅट’ असतो. कागदावर ‘हस्तांतरण’ असते, माणूस ‘ताबा कधी मिळेल’ असे विचारतो. लेख बोलण्यातल्या शब्दांत लिहावा आणि कागदावरचा शब्द एकदा समजावून द्यावा, म्हणजे करार हातात आल्यावर वाचक अडखळणार नाही.

सहावी पायरी: जे लिहायचे नाही

‘पाच वर्षांत दुप्पट’ अशा थाटाचे कोणतेही आश्वासन लेखात येता कामा नये. भाव वाढेल की नाही हे कोणालाच ठाऊक नसते, आणि आज लिहिलेले वाक्य उद्या स्क्रीनशॉट होऊन आपल्यासमोर येते. येऊ घातलेला पूल, मंजुरीच्या वाटेवरचा रस्ता, प्रस्तावित शाळा यांच्याविषयी लिहायचेच असेल तर आज ते काम नेमक्या कोणत्या टप्प्यावर आहे, हे अधिकृत कागद पाहून लिहावे आणि ‘लवकरच’ हा शब्द टाळावा.

ब्लॉग म्हणजे जाहिरात नाही, तेव्हा त्याला जाहिरातीचे नियम लागत नाहीत, अशी समजूत करून घेऊ नये. भारतातील २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यात जाहिरातीची व्याख्या कोणत्याही माध्यमातल्या आणि कोणत्याही स्वरूपाच्या प्रसिद्धीला कवेत घेणारी आहे, आणि जाहिरातीतील खोट्या विधानावर विसंबून पैसे भरलेल्या व्यक्तीचे नुकसान झाल्यास तिला भरपाई मिळण्याची तरतूद त्यात आहे. अमेरिकेच्या १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याने वंश, वर्ण, धर्म आणि राष्ट्रीय मूळ यांवरून पसंती-नापसंती दाखवणाऱ्या जाहिरातींना मनाई केली आणि पुढे त्यात लिंग, अपंगत्व आणि मुलाबाळांचे कुटुंब या बाबींचीही भर पडली. जिथे व्यवसाय करता तिथला नियम वाचून घ्यावाच. पण नियम काहीही असला तरी ‘इथे अमुक लोक राहतात’ या प्रकारचे वाक्य लिहिण्यापेक्षा घराचे वर्णन करावे, राहणाऱ्यांचे करू नये.

दुसऱ्याच्या संकेतस्थळावरून उचललेली छायाचित्रे आणि ग्राहकाच्या परवानगीवाचून छापलेला त्याचा अनुभव, या दोन्ही गोष्टी वर्ज्य समजाव्यात.

सातवी पायरी: छायाचित्रे

कॅमेरा छातीच्या उंचीवर, साधारण १.२ ते १.५ मीटरवर धरावा, भिंतींच्या उभ्या कडा सरळ राहतील असे पाहावे आणि अतिरुंद कोनाची लेन्स टाळावी, कारण तिच्यामुळे न्हाणीघरही सभागृहासारखे दिसते आणि प्रत्यक्ष पाहायला आलेला माणूस दारातच हिरमुसतो. प्रत्येक चित्राखाली ते कोणत्या महिन्यात आणि किती वाजता काढले ते लिहावे. संगणकावर तयार केलेले चित्र असेल तर ‘कल्पनाचित्र’ असे त्याच्याखाली स्पष्ट असावे. चित्रांच्या फाइली लहान करून चढवाव्यात. मोबाईलवर पान उघडायला वेळ लागला तर आतला मजकूर कितीही चांगला असला तरी तो वाचला जात नाही.

आठवी पायरी: शोधणाऱ्याला सापडावे म्हणून

या विषयावर भोंदू सल्ल्यांचा सुळसुळाट आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. पानाच्या मागे लपवलेल्या ‘कीवर्ड’ टॅगचा क्रमवारीसाठी आपण वापर करत नाही, असे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले आहे. तरीही त्यात शंभर शब्द कोंबून देण्याचे पैसे घेणारे आजही भेटतात. लेख अमुक शब्दांचाच असला पाहिजे, असाही नियम नाही. प्रश्नाचे उत्तर ६०० शब्दांत होत असेल तर तिथेच थांबावे.

दुसरीकडे, ज्या विषयांचा माणसाच्या पैशांवर किंवा आयुष्यावर मोठा परिणाम होतो, त्यांच्या पानांची गुणवत्ता गूगलच्या मूल्यमापन-मार्गदर्शिकेत अधिक कसून तपासायला सांगितली आहे, आणि घरखरेदी व कर्ज या विषयांना ती कसोटी थेट लागू पडते. तज्ज्ञता, अधिकार आणि विश्वासार्हता या जुन्या निकषांच्या जोडीला डिसेंबर २०२२ मध्ये ‘प्रत्यक्ष अनुभव’ हा निकष आला. या व्यवसायातल्या माणसाच्या ते पथ्यावरच पडते, कारण खोली मोजण्याचा, ताबा देण्याचा आणि गळती दुरुस्त करण्याचा अनुभव त्याच्याकडे असतो, जो बसल्या जागी लेख पाडणाऱ्याकडे नसतो. म्हणून लेखाखाली लिहिणाऱ्याचे नाव, त्याचे काम आणि लेखाची तारीख असावी. ‘ॲडमिन’ या नावाने लेख टाकू नयेत.

शीर्षक वहीतल्या प्रश्नाच्या जवळ ठेवावे आणि महत्त्वाचे शब्द आधी आणावेत, कारण शोधाच्या यादीत लांब शीर्षकाची शेपटी कापली जाते. लेखात त्याच विषयाशी जोडलेल्या आपल्या दुसऱ्या एक-दोन लेखांचे दुवे द्यावेत, आणि प्रत्येक चित्राला त्यात काय दिसते ते सांगणारे साधे पर्यायी वर्णन जोडावे. दृष्टिहीन वाचकाला स्क्रीन रीडर तेच वाचून दाखवतो.

नववी पायरी: लेख संपताना

लेख वाचून झालेल्या माणसाने पुढे काय करावे, हे एकाच वाक्यात सांगावे, आणि ती कृती लेखाच्या विषयाला साजेशी असावी. बेडरूमच्या मापांवरचा लेख वाचणाऱ्याला ‘आजच बुक करा’ म्हणणे म्हणजे नाव विचारण्याआधी लग्नाची तारीख ठरवण्यासारखे आहे. त्याऐवजी ‘तुमच्या फर्निचरची मापे आम्हाला पाठवा, ती नकाशावर मांडून दाखवू’ असे लिहिले तर तो खरोखर मापे पाठवतो, आणि तिथून बोलणे सुरू होते. उत्तर कोण देणार आणि किती दिवसांत देणार, हे आधी कार्यालयात ठरवून मगच ते वाक्य छापावे. आलेल्या मापांना आठवडाभर उत्तर न देणारा ब्लॉग नसलेलाच बरा.

दहावी पायरी: सातत्य, मोजमाप आणि जुने लेख

आठवड्याला तीन लेखांचा संकल्प सोडून चौथ्या आठवड्यात गळून जाण्यापेक्षा महिन्याला दोन लेख वर्षभर लिहावेत; वर्षाअखेरीस २४ प्रश्नांची पूर्ण उत्तरे हाताशी राहतात, आणि फोनवर तोच प्रश्न आला की सहकारी लगेच दुवा पाठवू शकतो. माझ्या मते हा उपयोग शोधयंत्रातून येणाऱ्या वाचकांइतकाच मोलाचा आहे, पण तो कुठल्याही आलेखात दिसत नाही.

किती जणांनी पान उघडले, हा आकडा पाहून हुरळून जाऊ नये. गूगल सर्च कन्सोल हे मोफत साधन कोणते शब्द शोधून लोक आपल्या पानापर्यंत आले ते दाखवते. त्या शब्दांत जर असा प्रश्न दिसला की ज्याचे उत्तर लेखात नाही, तर तो सरळ प्रश्नवहीत उतरवावा. साईट व्हिजिटला आलेल्या प्रत्येकाला ‘आमचे काही वाचले होते का, आणि काय?’ एवढे विचारून उत्तर त्याच वहीत लिहावे. चार महिन्यांनी कोणत्या लेखामुळे माणसे येतात आणि कोणत्या लेखामुळे नुसतेच वाचक येतात, हे त्या नोंदींतून उमगते.

दर सहा महिन्यांनी जुने लेख एकेक करून उघडावेत. बदललेला नियम, सुरू झालेला रस्ता, मोकळ्या भूखंडावर उभी राहिलेली इमारत यांमुळे खोटी ठरलेली वाक्ये दुरुस्त करावीत आणि लेखाच्या वरच दुरुस्तीची तारीख व काय बदलले ते लिहावे. चूक आपलीच असेल तर ती गुपचूप पुसू नये. ‘पूर्वी इथे पाच मिनिटे लिहिले होते, चालत सतरा मिनिटे लागतात’ अशी ओळ ठेवावी. त्या गृहस्थांच्या आईसाठी मी ती ओळ लिहिली होती, आणि ती अजून त्या लेखाच्या माथ्यावर आहे.